दोन मायक्रोफोन, एक वाट: ध्वनिमिश्रणाच्या इतिहासातील एक धागा

टॅब्लेटवर मुलाखत, कीर्तन किंवा गाण्याची बैठक ध्वनिमुद्रित करताना एक अडचण हमखास उभी राहते, ती अशी की बोलणारे वा गाणारे दोन असतात, त्यांच्यापुढचे मायक्रोफोनही दोन असतात, पण टॅब्लेटच्या जॅकमधून आवाज आत जाण्याची वाट एकच असते आणि त्यामुळे दोन्ही मायक्रोफोनांकडून येणारे विद्युत्संकेत वाटेतच कुठेतरी एकत्र करावे लागतात. ही अडचण अलीकडच्या उपकरणांची वाटली, तरी ती ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाइतकीच जुनी आहे. मेणाच्या तबकडीवरील खाच, बोलपटाच्या फितीच्या कडेची ध्वनिपट्टी आणि नभोवाणीचे प्रक्षेपण यांपैकी प्रत्येक माध्यमाने सुरुवातीला एका वेळी एकच संकेत स्वीकारला, आणि अनेक आवाज त्या एका वाटेने नेण्याच्या गरजेतूनच ध्वनिमिश्रणाची, म्हणजे अनेक संकेत ठरावीक प्रमाणात एकत्र करण्याची, विद्या आकाराला आली. या विद्येतील एक गोष्ट आरंभापासून कायम राहिली आहे: दोन संकेत एकदा मिसळले की ते जसेच्या तसे पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून मिश्रणाचा इतिहास हा बराचसा, हा माघारी न फिरणारा निर्णय कोणी आणि कोणत्या टप्प्यावर घ्यायचा, याचा इतिहास आहे.

मायक्रोफोनचा उपयोग होण्यापूर्वीचे ध्वनिमुद्रण संपूर्णपणे यांत्रिक होते. गायक आणि वादक एका मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहत, त्यांच्या आवाजाने कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी बसवलेला पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर खाच कोरी. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले ते याच पद्धतीने, आणि त्या मुद्रणावरून तबकड्या छापण्यासाठी ते जर्मनीतील हॅनोव्हरला पाठवावे लागले. या पद्धतीत आवाजांचे परस्परप्रमाण ठरवण्याचे मुख्य साधन म्हणजे कर्ण्यापासूनचे अंतर होते. मोठ्या आवाजाचे वाद्य मागे, नाजूक आवाजाचे पुढे, आणि गायकाने आवाज चढवताना मागे सरकायचे, अशी व्यवस्था मुद्रणापूर्वीच ठरवावी लागे. व्हायोलिनचा आवाज कर्ण्यापर्यंत पुरेसा पोहोचत नसे, म्हणून लाकडी पोटाऐवजी धातूचा भोंगा बसवलेले स्ट्रो व्हायोलिन वापरात आले. काही मुद्रणांत दोन किंवा अधिक कर्णे वेगवेगळ्या दिशांना रोखून त्यांच्या नळ्या एकाच पडद्याशी आणून जोडल्या जात, आणि दोन ग्राहकांकडून एक संकेत घडवण्याचा हा यांत्रिक पूर्वावतार म्हणता येईल. मात्र त्यात एका कर्ण्याचा आवाज कमी करून दुसऱ्याचा वाढवण्याची सोय नव्हती, त्यामुळे संतुलनाचा सगळा भार कलावंतांच्या पायांवरच राहिला.

१९२५ मध्ये हे चित्र पालटले. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या अभियंत्यांनी विकसित केलेली विद्युत ध्वनिमुद्रणाची पद्धत व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन मोठ्या तबकडी कंपन्यांनी त्या वर्षी स्वीकारली. तिच्यात आवाजाचे आधी मायक्रोफोनने विद्युत्संकेतात रूपांतर होई, मग निर्वात नळ्यांच्या प्रवर्धकाने, म्हणजे संकेताची शक्ती वाढवणाऱ्या यंत्राने, तो मोठा केला जाई आणि शेवटी तो कोरणाऱ्या सुईपर्यंत पोहोचे. कर्ण्याच्या जागी तार आल्याने दोन गोष्टी प्रथमच शक्य झाल्या: ध्वनिग्राहक कलावंतापासून दूर, हवा तेथे ठेवता येऊ लागला, आणि एकापेक्षा अधिक ग्राहकांचे संकेत हाताने फिरवायच्या खुंट्यांनी कमीजास्त करून एकत्र करता येऊ लागले. १९२६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या ‘डॉन ह्वान’ या चित्रपटासाठी शंभराहून अधिक वादकांच्या वाद्यवृंदाचे मुद्रण झाले, तेव्हा जॉर्ज ग्रोव्ह्ज या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या ध्वनितंत्रज्ञांनी अनेक मायक्रोफोन मांडून त्यांचे मिश्रण वादन चालू असतानाच केले. वाद्यमेळाचे संतुलन, जे तोवर संचालकाच्या आणि वादकांच्या हाती होते, त्यात आता काचेपलीकडे बसलेल्या एका तिसऱ्या माणसाचा वाटा निर्माण झाला.

दोन मायक्रोफोनांच्या तारा एकमेकींना पिळून जोडल्या की मिश्रण झाले, असा समज सहज होतो, परंतु प्रत्यक्षात तसे घडत नाही. मायक्रोफोन हा संकेताचा उगम असला तरी तो वीज वाहून नेणारा मंडलाचा भागही असतो, त्यामुळे थेट जोडणीत एका मायक्रोफोनचा संकेत पुढे जाण्याऐवजी काही अंशी दुसऱ्याच्या वेटोळ्यात शिरतो, दोघांचीही पातळी घसरते आणि एकाची तार बिघडली तर दुसराही मुका होतो. यावरचा जुना उपाय म्हणजे प्रत्येक तारेत आधी एक रोधक, म्हणजे विद्युत्प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा घटक, घालायचा आणि मग त्या तारा एका बिंदूवर आणायच्या. रोधकांमुळे दोन्ही उगम एकमेकांपासून बऱ्यापैकी अलग राहतात, पण त्याची किंमत म्हणून दोन समान शाखांच्या अशा जोडणीत प्रत्येक संकेताचा दाब साधारण निम्म्यावर, म्हणजे ६ डेसिबलने, खाली येतो आणि ती घट पुढच्या प्रवर्धकाने भरून काढावी लागते. मिक्सर या यंत्राचा गाभा एवढाच आहे: प्रत्येक वाटेवर कमीजास्त करण्याची खुंटी, मग अलगपणा राखणारी जोडणी आणि शेवटी झालेली घट भरून काढणारा प्रवर्धक. पुढे अर्धवाहकांच्या काळात जोडबिंदूचा दाब जवळजवळ शून्यावर धरून ठेवणारी मंडले आली आणि एका वाटेचा दुसरीवर होणारा परिणाम नगण्य झाला, तरी मांडणी तीच राहिली.

विजेचा प्रश्न अशा रीतीने सुटला, पण हवेतून येणारा प्रश्न सुटला नाही, आणि तो आजही टॅब्लेटवर मुद्रण करणाऱ्यांना सर्वांत जास्त छळतो. एकाच माणसाचा आवाज दोन्ही मायक्रोफोनांत शिरतो, पण दोन्ही ठिकाणी तो एकाच क्षणी पोहोचत नाही. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर एक मायक्रोफोन दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर दूर असल्यास त्यात आवाज सुमारे एक सहस्रांश सेकंद उशिरा येतो. सेकंदाला ५०० कंपनांच्या स्वराची एक लाट दोन सहस्रांश सेकंदांची असते, म्हणजे या उशिरात ती बरोबर अर्धी पुढे सरकते आणि एका मायक्रोफोनमधील लाटेचा उंचवटा दुसऱ्यातील खळग्यावर येऊन पडतो. दोन्ही संकेत समान पातळीवर मिसळले, तर हा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. हीच गत १५०० आणि २५०० कंपनांची होते, उलट १००० आणि २००० कंपने दुणावतात. परिणामी आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो, आणि वक्त्याने मान हलवली की अंतर बदलून त्याची जातही बदलत राहते. ध्वनितंत्रज्ञांनी अनुभवातून बसवलेला तीनास एकचा नियम याच दोषासाठी आहे: दोन मायक्रोफोनांमधील अंतर हे प्रत्येक मायक्रोफोन आणि त्याचा वक्ता यांच्यातील अंतराच्या किमान तिप्पट ठेवावे, म्हणजे दुसऱ्या मायक्रोफोनमध्ये शिरणारा आवाज इतका क्षीण होतो की त्याची काटछाट कानाला जाणवत नाही. एखाद्या तारेची दोन टोके उलटी जोडली गेली, तर एका संकेताचे सर्व उंचवटे खळगे होतात आणि मिश्रण ही प्रत्यक्षात वजाबाकी ठरते. या दोषाला ध्रुवता उलटणे म्हणतात आणि तो केवळ मिश्रणानंतरच ऐकू येतो.

मुंबईतील बोलपटाच्या आरंभकाळात एकाच वाटेचे हे बंधन अत्यंत कठोर होते. अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला. त्याचे चित्रीकरण ज्या पद्धतीने झाले तिच्यात चित्र आणि ध्वनी एकाच वेळी एकाच फितीवर उमटत, त्यामुळे संवाद, गाणे आणि साथ यांचे प्रमाण त्या क्षणीच ठरून जाई. नट मायक्रोफोनच्या टप्प्यात राहत, वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसत, आणि स्टुडिओजवळच्या लोहमार्गावरील गाड्यांचा आवाज टाळण्यासाठी काम बरेचसे रात्री चाले. पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ काढला, तेव्हा ध्वनिमुद्रणाची जबाबदारी विष्णुपंत दामले यांनी उचलली. मूकपटांच्या काळात वाढलेल्या या कारागिराला यंत्र आणि कान या दोन्हींचे शिक्षण कामावरच घ्यावे लागले.

१९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या ‘भाग्यचक्र’ आणि त्याच्या हिंदी आवृत्तीत, ‘धूप छाँव’मध्ये, गाणे आधी मुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी वाजवण्याची पद्धत आणली आणि ती पार्श्वगायन या नावाने देशभर रूढ झाली. या पद्धतीने गाणे कॅमेऱ्याच्या जाचातून सुटले, परंतु एका ध्वनिपट्टीच्या जाचातून सुटले नाही. गायकासाठी एक मायक्रोफोन आणि वाद्यवृंदासाठी दुसरा, ही त्या काळच्या मुद्रणाची मूळ विभागणी होती. पुढे तालवाद्ये, तंतुवाद्यांचा ताफा आणि एकल वाद्य यांच्यासाठी वाटा वाढत गेल्या, तरी त्या सगळ्या ध्वनिमुद्रकाच्या मेजावर मिसळून अखेर एकाच पट्टीवर उतरत. त्यामुळे शेवटच्या अंतऱ्यात एखाद्या सतारवादकाचा हात चुकला, तर संपूर्ण गाणे सर्वांना पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. मुंबईच्या चित्रपटगीतांचा जो भरीव, एकसंध नाद रसिकांच्या कानांत बसला आहे, त्यात संगीतकाराच्या रचनेइतकाच या सक्तीच्या एकवेळ मिश्रणाचा आणि ते करणाऱ्या, श्रेयनामावलीत एका ओळीपुरत्या उरलेल्या ध्वनिमुद्रकांचा वाटा आहे.

दोन मायक्रोफोनांचे संकेत मिसळूच नयेत, हा विचारही तितकाच जुना आहे. १८८१ मध्ये पॅरिस येथील विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर मायक्रोफोनांच्या जोड्या लावून त्यांचे संकेत तारेने प्रदर्शनात आणले आणि श्रोत्यांना दोन कानांसाठी दोन स्वतंत्र ग्राहक दिले. डावीकडचा आवाज डाव्या कानी आणि उजवीकडचा उजव्या कानी गेल्याने गायक कोणत्या बाजूस सरकला हे ऐकूनच कळू लागले. ईएमआय कंपनीतील ब्रिटिश अभियंते अॅलन ब्लमलिन यांनी १९३१ च्या डिसेंबरमध्ये दाखल केलेल्या पेटंटमध्ये या कल्पनेला पक्के शास्त्रीय रूप दिले आणि एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन संकेत कोरण्याची युक्तीही त्यात मांडली. ब्लमलिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत दोन मायक्रोफोन जवळजवळ एकाच बिंदूवर, एकमेकांशी काटकोन करून ठेवतात. दोघांत अंतर नसल्याने आवाज दोन्हींत एकदमच पोहोचतो, म्हणून पुढे दोन्ही संकेत एक करावे लागले तरी वर वर्णिलेला पोकळपणा येत नाही. द्विपथ ध्वनी, ज्याला स्टिरिओ म्हणतात, तो बाजारात रुळायला आणखी पंचवीसेक वर्षे लागली.

दरम्यान चुंबकीय फितीने निर्णयाची वेळच पुढे ढकलली. फितीच्या रुंदीवर दोन किंवा अधिक समांतर पट्टे वेगवेगळे मुद्रित करता येऊ लागल्यावर मिश्रण हे मुद्रणाच्या क्षणी करण्याऐवजी नंतर, निवांतपणे आणि हवे तितक्या वेळा करता येऊ लागले. अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे १९५७ मध्ये आठ पट्ट्यांचे यंत्र आले. लंडनमध्ये ११ फेब्रुवारी १९६३ रोजी बीटल्सचा पहिला संग्रह मुद्रित झाला, तेव्हा यंत्र दोनच पट्ट्यांचे होते आणि साधारणपणे एका पट्ट्यावर वाद्ये व दुसऱ्यावर गायन घेतले गेले. हे दोन पट्टे वेगळे ठेवण्याचा मूळ हेतू स्टिरिओ हा नसून, पुढे त्यांतून एकच संकेत बनवताना गायन आणि वाद्ये यांचे प्रमाण शांतपणे ठरवता यावे, हा होता. चित्रपटाच्या व्यवसायात संवाद, संगीत आणि इतर ध्वनी यांच्या वेगळ्या फिती अखेरीस एकत्र करण्याच्या कामाला पुनर्मुद्रण किंवा मिक्सिंग असे नाव मिळाले. व्ही. शांतारामांनी १९४२ मध्ये परळ येथे उभारलेल्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी या कामाला असा दर्जा मिळवून दिला की सत्यजित राय यांच्यासारखे काटेकोर दिग्दर्शकही त्यांच्याकडे येत.

सभा आणि परिषदांच्या क्षेत्रात प्रश्नाचे रूप वेगळे होते, कारण तेथे नंतर मिसळण्याची सवड नसते. उघड्या मायक्रोफोनांची संख्या दुप्पट झाली की त्यांतून येणाऱ्या पार्श्वगोंगाटाची शक्तीही दुप्पट, म्हणजे ३ डेसिबलने जास्त, होते आणि सभागृहातील ध्वनिवर्धक शिट्टी मारू लागण्याचा धोका वाढतो. डॅन डुगन या अमेरिकी ध्वनिरचनाकारांनी १९७० च्या दशकात तयार केलेल्या स्वयंचलित मिक्सरने यावर सुटसुटीत तोडगा दिला: सर्व वाटांच्या वर्धनाची बेरीज कायम ठेवायची आणि जो बोलत असेल त्याला तिच्यातील मोठा वाटा आपोआप द्यायचा. दोघांच्या संभाषणात एक बोलू लागला की दुसऱ्याची वाट आपसूक मंदावते, आणि दोघे एकदम बोलले तर वाटा विभागला जातो.

मिश्रणाची वेळ पुढे ढकलण्यात अनेक दशके खर्च झाल्यावर टॅब्लेटने वापरणाऱ्याला पुन्हा एकाच वाटेच्या काळात नेऊन सोडले. २०१० मध्ये अॅपलचा आयपॅड विक्रीस आला, तेव्हा त्यावर आणि नंतरच्या बहुतेक टॅब्लेटांवर ३.५ मिलिमीटरचा जो जॅक होता, त्यात बसणाऱ्या पिनेवर चार धातूचे टप्पे असतात: टोक डाव्या कानासाठी, त्यामागचे कडे उजव्या कानासाठी, आणि उरलेल्या दोहोंपैकी एक सामाईक जमिनीसाठी व एक मायक्रोफोनसाठी. ऐकण्यासाठी दोन वाटा आणि बोलण्यासाठी एक, ही वाटणी फोनच्या गरजेतून आली होती. त्यातही शेवटच्या दोन टप्प्यांचा क्रम दोन प्रकारचा असल्याने एका क्रमाचा माईक दुसऱ्या क्रमाच्या उपकरणात चालत नाही. या जॅकला जोडला जाणारा शर्टावर लावायचा छोटा माईक बहुधा इलेक्ट्रेट जातीचा असतो, म्हणजे त्याच्या पडद्यात विद्युतभार कायमचा साठवलेला असतो. जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेसलर यांनी बेल प्रयोगशाळेत १९६२ मध्ये ही जात विकसित केली. अशा माईकमधील छोट्या प्रवर्धकाला लागणारी वीज टॅब्लेटच त्याच तारेतून पुरवतो. बाजारात स्वस्त मिळणारी दुहेरी फाट्याची तार दोन माईकांना एकाच वाटेवर जोडते तेव्हा तो अल्पसा पुरवठाही दोघांत वाटला जातो, आवाज फाटण्याची शक्यता वाढते, आणि एकाला कमी व दुसऱ्याला जास्त करण्याची खुंटी तर नसतेच. म्हणून दोन आवाजांत मोठा फरक असेल, उदाहरणार्थ कीर्तनकार आणि पखवाज, तर छोटा का होईना पण खरा मिक्सर मध्ये असणे अगत्याचे ठरते.

दुसरी वाट यूएसबीची होती. आयपॅडसाठी छायाचित्रे उतरवून घेण्याकरिता विकल्या जाणाऱ्या जोडसाधनातून यूएसबीची ध्वनियंत्रेही चालतात, हे संगीतकारांच्या लवकरच ध्यानात आले, आणि दोन मायक्रोफोन दोन स्वतंत्र वाटांनी टॅब्लेटपर्यंत पोहोचू लागले. येथे मिश्रण ही शब्दशः आकड्यांची बेरीज झाली. ध्वनीचे सेकंदाला ४८,००० वेळा मोजमाप घेतले जाते आणि सोळा अंकस्थानांच्या पद्धतीत प्रत्येक मोजमाप –३२,७६८ ते ३२,७६७ या मर्यादेत बसवावे लागते. दोन मोठ्या मोजमापांची बेरीज ही मर्यादा ओलांडू लागली की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि खरखर उमटते, म्हणून बेरजेपूर्वी दोन्ही पातळ्या खाली ठेवाव्या लागतात. दोन स्वतंत्र यूएसबी माईक एकाच वेळी वापरण्यात आणखी एक मेख आहे. प्रत्येकाचे घड्याळ वेगळे असते, आणि दोन घड्याळांत दशलक्षात केवळ दहाचा फरक असला तरी तासाभरात दोन्ही ध्वनी ३६ सहस्रांश सेकंदांनी एकमेकांपासून सरकतात. टॅब्लेटवरील बहुतेक अॅप एका वेळी एकच ध्वनियंत्र स्वीकारतात, आणि एकाच घड्याळावर चालणारे दोन मायक्रोफोनांचे एक यंत्र घेणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो.

२०१२ मध्ये मॅकी कंपनीने सोळा वाटांचा असा मिक्सर आणला की त्यात आयपॅड सरकवून बसवता येई आणि बहुतेक खुंट्या काचेवरच दिसत. तेव्हापासून टॅब्लेट हा मिश्रणाचा ग्राहक न राहता मिश्रणाचे मेज बनला. अलीकडच्या बिनतारी माईकजोड्यांच्या ग्रहणयंत्रावर दोन्ही संकेत एकत्र पाठवावेत की वेगळे, हे ठरवण्याची सोय असते, आणि मेणावर कोरणाऱ्या ध्वनिमुद्रकाला कधीच न मिळालेली ही निवड आज शाळेतील मुलाखतकाराच्याही हाती आहे. ज्याला ती उपलब्ध आहे त्याने दोन्ही आवाज वेगळे मुद्रित करून मिश्रण सर्वांत शेवटी करावे. आणि जिथे वाट खरोखरच एक आहे, तिथे मायक्रोफोन वक्त्याच्या जवळ व एकमेकांपासून दूर ठेवून, मिसळलेला आवाज मुद्रणापूर्वी कानाने तपासून घ्यावा, कारण त्यानंतर दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही.